न दिसलेलं इंद्रवज्र

तीन वर्षांपूर्वी मी हरिश्चंद्रगडावर पहिला प्रवासलेख लिहिला. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून चढलो होतो, कोकणकड्यावर पोचलो होतो, एवढं खरं. लेखात 'विलोभनीय' तीनदा आणि 'निसर्गाची उधळण' दोनदा होती. शेवटी होतं इंद्रवज्र: दरीतल्या ढगांवर उमटलेलं गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मधोमध माझी सावली. लेख लोकांना आवडला. सोबत आलेल्या मित्राने मात्र मेसेज केला, "कधी दिसलं रे? मी कुठे होतो?"

तो माझ्या शेजारीच होता. आम्ही दोघं दोन तास धुक्याकडे बघत बसलो होतो. इंद्रवज्र मी व्हिडिओत पाहिलं होतं.

लेख काढून टाकला. लिहायचं कसं, हे शिकायला मग जुनी प्रवासवर्णनं वाचायला घेतली आणि विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'पाशी थांबलो.

गोडसे पेणजवळच्या वरसईचे. घरावर कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, भरपूर दक्षिणा मिळणार, अशी बातमी आली आणि तिशीच्या आसपासचे विष्णुभट काकांसोबत उत्तरेला निघाले. साल १८५७. मीही एज्युकेशन लोन फेडायलाच गाव सोडून नोकरीला आलोय, त्यामुळे हा माणूस मला लगेच कळला.

पुढे ते बंडात सापडले. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, तेव्हा ते शहरातच होते. झाशी पडल्यावरची लूट त्यांनी कशी सांगितलीय बघा. आधी सोनं-चांदी गेलं, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे, मग धान्य. घर कसं टप्प्याटप्प्याने रिकामं होतं, ते नुसत्या वस्तूंच्या क्रमातून कळतं. तिथे 'भीषण' हा शब्द मी घातला असता, तर उलट चित्र पुसट झालं असतं.

हे सगळं त्यांनी लिहिलं ते जवळजवळ पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. साहजिकच काही तपशील चुकलेत, ऐकीव गोष्टीही बऱ्याच आहेत. पण महूजवळ भेटलेल्या शिपायांनी जे सांगितलं, ते शिपायांनी सांगितलं म्हणूनच येतं. वैद्यांनी १९०७ साली पुस्तक छापलं, तेही मजकुरात फेरफार करून. दत्तो वामन पोतदारांनी मूळ मोडी हस्तलिखितावरून काढलेली आवृत्ती आली १९६६ साली. म्हणजे एका माणसाने काय पाहिलं, हे जसंच्या तसं वाचायला मराठी वाचकाला शंभरेक वर्षं थांबावं लागलं. आणि मी स्वतःच्याच लेखात, कुणाचा दबाव नसताना, आठवड्याभरात फेरफार केला होता!

मला सगळ्यात भिडला तो त्यांचा परतीचा प्रवास. ज्या पैशासाठी घर सोडलं, तो वाटेत लुटला गेला. घरी नेली ती गंगाजलाची कावड. ती खांद्यावरून वरसईपर्यंत आणली आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातलं. निघाले कशासाठी आणि परतले काय घेऊन, हे त्यांनी लपवलं नाही. प्रवास फसला, म्हणूनच सांगण्यासारखा झाला.

मागच्या पावसाळ्यात लेख पुन्हा लिहिला. त्यात कारवीच्या काठ्या धरून चढलेला निसरडा टप्पा आहे आणि ओल्या सॅकचं वाढलेलं वजन आहे. गुहेत भेटलेल्या एका काकांनी इंद्रवज्राचं वर्णन केलं होतं, ते त्यांच्या नावावर आहे. आणि कोकणकड्यावर दोन तास फक्त धुकं आहे.

पाठवण्याआधी मित्राला वाचायला दिला. तो म्हणाला, "हां, आता मी आहे यात."