व्हिडिओ खेळांतील अनुकरण

गाजलेल्या व्हिडिओ खेळाचे नियम, मांडणी वा वातावरण घेऊन नवा खेळ रचण्याची प्रथा या व्यवसायाइतकीच जुनी आहे. असे अनुकरण चौर्य ठरते काय, हा प्रश्न अमेरिकेत १९८२ साली ‘पॅकमॅन’सारख्या दिसणाऱ्या ‘के. सी. मंचकिन’ या खेळामुळे पुढे आला. चक्रव्यूहातील पाठलागाची कल्पना कोणालाही वापरता येते, परंतु पात्रांचे विशिष्ट रूप उचलता येत नाही, असे मानून अपील न्यायालयाने त्या खेळाच्या विक्रीस मनाई केली.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात (१९७८) हेच तत्त्व नाटक व चित्रपट यांसंबंधी मांडले : प्रताधिकार कल्पनेवर नसतो, तिच्या आविष्कारावर असतो. ‘स्क्रॅबल’वर बेतलेल्या ‘स्क्रॅब्युलस’ या संगणकीय खेळाबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये प्रताधिकाराचा दावा मान्य केला नाही. नावाच्या वापरास मात्र मनाई केली.

भ्रमणध्वनीमुळे हे खेळ जालन्यासारख्या जिल्ह्यांतही पोहोचले. ‘पबजी’च्या भ्रमणध्वनी-आवृत्तीवर २०२० मध्ये भारतात बंदी आली. पुण्यातील ‘सुपरगेमिंग’ या संस्थेने २०२४ मध्ये आणलेला ‘इंडस’ त्याच प्रकारचा आहे : अनेक खेळाडू एका रणक्षेत्रात उतरतात व अखेरपर्यंत टिकणारा जिंकतो. भारतीय पुराणकल्पनांवर आधारलेले त्यातील भविष्यकालीन जग मात्र स्वतंत्र आहे. म्हणून त्यास चौर्य म्हणता येत नाही. खेळाचे नियम एकाच्या मालकीचे झाले, तर नव्या निर्मात्यांची वाट खुंटते; आविष्कारास संरक्षण नसेल, तर मूळ निर्मात्याचे श्रम वाया जातात.