कोरडे वजन

जालन्यात उन्हाळ्यात टँकर आला की गल्लीत हंड्यांचा हिशेब होतो. आमच्या घरात दीड वर्षापासून पेल्यांचाही होतो. आप्पांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते. दर वेळी आधी वजनकाटा. मागच्या खेपेपेक्षा अडीच किलो जास्त भरले, तर ते अडीच लिटर पाणी धरून मशीन तेवढे काढते. उपचाराचा सगळा भार या काट्यावर कसा आला, हे मी वाचू लागलो.

नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, कांपेन गावी, विलेम कोल्फ यांनी १९४३ साली सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेन नळी पिंपाभोवती गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड उभे केले. त्याने रक्तातली घाण निघे, पण जादा पाणी नेमके काढणे अवघड होते. ते स्वीडनच्या निल्स आल्वाल यांच्या १९४६ च्या यंत्राने दाबाच्या जोरावर साधले. १९६० साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी क्लाइड शील्ड्स यांच्यावर नियमित डायलिसिस सुरू केले. त्यांचा चढलेला रक्तदाब मीठ तोडून आणि पाणी काढूनच उतरला. पुढे याच अनुभवातून ‘ड्राय वेट’ रूढ झाले: जादा पाणी गेल्यावर उरते ते वजन.

आप्पांनी डायलिसिस हा शब्द प्रथम ऐकला तो आणीबाणीत. जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे अटकेत असताना निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोकमध्ये आणले आणि १९७९ पर्यंत ते डायलिसिसवर जगले. तेव्हा हा मोठ्या माणसांचा उपचार वाटे. जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना तो मोफत देण्याचा केंद्राचा कार्यक्रम २०१६ साली जाहीर झाला.

पण काट्याला पाणी आणि मांस यांतला फरक कळत नाही. आप्पांचे जेवण तुटले, अंग झडले, आणि झडलेल्या मांसाची जागा पाण्याने घेतली. आकडा तोच राहिला. रात्री धाप लागू लागली, तेव्हा ते उमगले.

दुसरी गोष्ट लघवीची. मूत्रपिंडे ‘गेली’ म्हणतात, तेव्हाही थोडे काम बहुधा उरलेले असते. कॅनडा-अमेरिकेतल्या, पोटातून डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांच्या आकड्यांची २००१ साली फेरतपासणी झाली. रोजच्या दर २५० मिलिलिटर लघवीमागे मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी दिसला. स्थूल रुग्णांत हे उरलेले काम लवकर ओसरते, असे २००९ साली डच अभ्यासात आढळले. तरी मशीनवरच्या रुग्णांत जाड माणसे अनेकदा अधिक जगतात, आणि सुकत जाणे हे वाईट लक्षण ठरते. शिवाय पाणी घाईने ओढले की रक्तदाब पडतो आणि उरलेल्या मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते.

आप्पांच्या वहीत वजनाचे रकाने भरलेले होते. लघवी किती होते, हे दीड वर्षात कुणी विचारले नव्हते. मीही नाही.

मी मोजपात्र आणले. चोवीस तासांत साडेतीनशे मिलिलिटर भरली. डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि कोरडे वजन अर्ध्या-अर्ध्या किलोने, सावकाश खाली आणायला घेतले. धाप कमी झाली.

आप्पा म्हणाले, “म्हणजे अजून थोडी चालतेय म्हणायची.”

आता वहीत दोन रकाने आहेत.