डोंगर आधीपासून ओळखीचा होता

१८५० सालचा मे महिना. तुम्ही चौक गावात उभे आहात आणि मान वर करून डोंगर न्याहाळताय. चहूबाजूंनी काळे उभे कडे, माथा मात्र सपाट आणि हिरवागार. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम इथेच पडलाय. ते वर निघतात, त्यांच्यामागून तुम्हीही. घळीतल्या दगडांना हात लावला की चटका बसतो, पायांखाली पाचोळा करकरतो. मग घळ संपते आणि झाडी सुरू होते. अंजनी, जांभूळ, हिरडा. घामेजलेल्या मानेवर गार वारा येतो. साहेब खूश. पुढे नोव्हेंबरात ते पुन्हा येतात, घर बांधतात आणि माथेरानचा शोध मॅलेट यांनी लावला असं कायमचं लिहिलं जातं.

तुम्ही मात्र जरा खाली बघा. आलात ती वाट मळलेली आहे. या रानात धनगर आहेत, ठाकर आहेत, कातकरी आहेत. उन्हाळ्यात पाणी कुठे टिकतं, कुठल्या नाळेतून उतरलं की कुठल्या वाडीला पोहोचता येतं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. ज्यांच्या पायांनी वाटा पडल्या त्यांच्या डोंगराचा ‘शोध’ लागतो कसा, हे मला आजवर पटलेलं नाही.

काही वर्षं पुढे सरका. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांना जागा आवडते, बंगले उभे राहतात, तांबड्या मातीचे रस्ते होतात, कड्याच्या टोकांना नावं मिळतात: लुईझा, अलेक्झांडर, गार्बट. तळ्याला शार्लटचं. हे रस्ते करताना ज्यांनी जांभा फोडला, त्यांच्यापैकी एकाचंही नाव मला कुठल्या पाटीवर आढळलं नाही.

१८५६ मध्ये मुंबईची आगगाडी पायथ्याच्या नेरळला पोहोचते, पण पुढचा चढ तसाच राहतो. पैसा असेल त्यांनी घोडा किंवा पालखी करायची, नसेल त्यांनी चालायचं. पालखीत बसून बघा. भोयांचा श्वास तुम्हाला ऐकू येतो, वळणावर त्यांचे खांदे बदलतात. असा प्रवास सुखाचा म्हणवत नाही.

सर आदमजी पीरभॉय नेरळला उतरले, वर जायला त्यांना काहीच साधन मिळालं नाही आणि तिथेच त्यांनी इथे रेल्वे आणायची ठरवलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीचं जाऊ द्या. पैसा खरा होता. १६ लाख रुपये, १९०४ सालच्या हिशेबाने. आदमजी हे मुंबईचे बोहरी उद्योगपती; पुढाकार आणि देखरेख त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची. मार्गाची आखणी एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची. बार्शी लाइट रेल्वे ज्यांनी उभारली, तेच हे कॅलथ्रॉप.

आणि आता १९०७. नेरळच्या फलाटावर या, घाई करू नका. दोन फुटी रुळांवरची गाडी तुमच्या खांद्याएवढीच वाटेल. बसण्याआधी इंजिनाजवळ जा आणि वाका. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्यातून अशी चार इंजिनं आली आहेत. सहा चाकं, तीन आस. लांब इंजिन तीव्र वळणावर अडकायला हवं, पण हे अडकत नाही, कारण पुढचा आणि मागचा आस पोकळ आहे. त्या पोकळ नळीच्या आत दुसरा दांडा फिरतो. नळी चाकांसकट थोडी सरकते, थोडी वळते आणि रूळ नेईल तिकडे जाते. २० फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ काही ठिकाणी आहे. दात्यांच्या चाकाचा आधार न घेता हे यंत्र तो चढतं. या आसाकडे बघत मी कितीही वेळ उभा राहू शकतो.

बसा आता. थोडा वेळ गाडी मोठ्या लाइनीच्या शेजारून धावते, मग डोंगराकडे वळते. जुम्मापट्टीचं स्थानक मागे पडतं. डब्यांवर ब्रेक सांभाळणारी माणसं उभी आहेत. उतरताना इंजिनाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर ती हाताने चाक फिरवून ब्रेक आवळतात. ऐकण्यात चूक झाली तर दरी लांब नाही. तळहात बघा त्यांचे. मग एक घोड्याच्या नालासारखं वळण, त्यापुढे इवलासा बोगदा, इतका आखूड की त्याला ‘वन किस टनेल’ म्हणू लागले. वॉटर पाइप स्थानकावर इंजिन पाणी पितं. नावात लपवण्यासारखं काही नाही, पाण्याचा पाइप म्हणून वॉटर पाइप.

पॅनोरमाच्या कड्यावर गाडी वळते तेव्हा खिडकीची बाजू सोडू नका. खाली उल्हास नदीचं खोरं, कर्जतची भातखाचरं, पूर्वेला भीमाशंकरची रांग. कितीतरी किलोमीटर तुम्ही आलात, पण नेरळ अजून पायाखालीच दिसतं. चढ सोपा करायचा तर लांबी वाढवावी लागते.

पूर्वेची ती रांग लक्षात ठेवा आणि पाच वर्षं पुढे चला. १ डिसेंबर १९१२ ला माथेरानच्या एका नाभिक घरात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मतात. पुढे वकील होतात, खाली दिसणाऱ्या गावांत शाळा काढतात, सावकाराच्या पाशातल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उघडतात. १९४२ मध्ये भूमिगत होऊन मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडतात. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे त्याच रांगेतल्या सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा होतात. गावात भाई कोतवालांचा पुतळा आहे. पॉइंट बघून थकलेले बहुतेक जण तिथे थांबत नाहीत. तुम्ही थांबा.

मग वर्षं भराभर सरतात. १९८० च्या दशकात वाफेची इंजिनं जातात. जुलै २००५ च्या पावसात लाइन वाहून जाते, २००७ मध्ये पुन्हा सुरू होते. २०१९ चा पाऊस ती परत तोडतो आणि नेरळपासून पूर्ण गाडी धावायला ऑक्टोबर २०२२ उजाडतो.

आजच्या माथेरानात उतरा. मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे घोडे, पाय आणि २०२५ पर्यंत तरी हातरिक्षा. माणसाने माणसाला ओढायचं, चढावर, तांबड्या धुळीत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानवी ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आणि सरकारने ई-रिक्षा घेऊन त्या याच रिक्षावाल्यांना भाड्याने द्याव्यात असंही बजावलं. गाडीतून उतरलात की भेटणाऱ्या पहिल्या रिक्षावाल्याला विचारा, त्याला ई-रिक्षा मिळाली का.