कल्पनेतली कात्री

‘कल्पनेच्या भराऱ्या’ हा प्रयोग आपल्या तोंडी इतका रुळला आहे, की कल्पना म्हटले की पंखच आठवतात. या शब्दाचे मूळ मात्र जमिनीवर, कामाच्या जागी आहे. संस्कृतातल्या ‘कॢप्’ धातूचा अर्थ जुळणे, योग्य असणे. त्याच्या प्रयोजक रूपाचा अर्थ जुळवणे, मांडणे, सिद्ध करणे. अमरकोशाच्या क्षत्रियवर्गात ‘कल्पना’ भेटते ती हत्तीला स्वारीसाठी सज्ज करण्याच्या अर्थाने. ‘कल्पनी’ म्हणजे कात्री, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला ‘कल्पक’ म्हणजे राजाच्या सेवेतला न्हावी. आज नवे काही सुचणाऱ्याला आपण कल्पक म्हणतो. तेव्हाचा कल्पक कापून, छाटून रूप देणारा होता.

आयुर्वेदात हा जुना अर्थ अजून नांदतो आहे. ‘भैषज्यकल्पना’ म्हणजे औषधे तयार करण्याचे शास्त्र. तिथे पाच मूळ कल्पना सांगितल्या आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. ओली वनस्पती पिळली की स्वरस, वाटली की कल्क, पाण्यात उकळून आटवली की क्वाथ, रात्रभर थंड पाण्यात भिजत ठेवली की हिम, गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून गाळली की फांट. वनस्पती तीच, कृती निराळी, म्हणून औषधही निराळे. लिहिणाऱ्याने हे मनात धरून ठेवावे. एकाच घटनेची कथा होते, कविता होते किंवा नाटक होते, ते घटनेमुळे नव्हे, तिच्यावर केलेल्या कृतीमुळे.

संकल्प, विकल्प, क्लृप्ती, अलीकडचा प्रकल्प हे सगळे याच धातूचे गणगोत. यातल्या एकाही शब्दात निव्वळ स्वप्नरंजन नाही. ठरवणे, निवडणे, उपाय काढणे, तडीस नेणे अशी कामेच या घराण्याच्या वाट्याला आली आहेत.

मराठीचे व्याकरणही सुचणे आणि करणे यांतला भेद पाळते. कल्पना ‘मला सुचते’. ‘मी सुचतो’ असे कुणी म्हणत नाही. सुचणे आपल्या हाती नसते. ते घडते आणि आपण त्याचे धनी होतो. पण पुढची क्रियापदे पाहा: मी लिहितो, मी रचतो, मी गुंफतो, मी खोडतो. मला वाटते, सर्जनशील लेखनाचा सगळा प्रवास ‘मला’पासून ‘मी’पर्यंतचा आहे.

ही क्रियापदे हाताची आहेत. ‘लिहिणे’ ज्या ‘लिख्’ धातूतून आले, त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, रेघ ओढणे. ‘ग्रंथ’ आणि ‘गाठ’ एकाच मुळाचे. सुटी ताडपत्रे दोऱ्यात ओवून बांधत. ‘रचणे’ तर अजून घरात वापरतो. लाकडे रचतात, उतरंड रचतात. उतरंडीत थोरले मडके खाली आणि धाकटे वर हवे. क्रम चुकला तर मडकी शाबूत असूनही उतरंड उभी राहत नाही.

अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्य कशातून जन्मते याचा विचार करताना तीन गोष्टी सांगितल्या: जन्मजात शक्ती; लोकव्यवहार, शास्त्रे आणि काव्ये पाहून येणारी निपुणता; आणि जाणकारांच्या हाताखाली केलेला अभ्यास. महत्त्वाचे हे, की त्याने ‘हेतू’ शब्द एकवचनी वापरला. ही तीन कारणे नाहीत. तिन्ही मिळून एकच कारण आहे. नुसत्या सुचण्यावर त्याने काव्य सोपवले नाही.

मराठी कादंबरीचा आरंभही हेच सांगतो. ‘कादंबरी’ हे नाव आपण बाणभट्टाच्या अद्भुतरम्य संस्कृत कथेतल्या नायिकेवरून घेतले. पण 1857 साली आलेले बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’, जे मराठीतली पहिली कादंबरी मानले जाते, ते हिंदू विधवांच्या स्थितीवर लिहिलेले आहे. डोळ्यांसमोरचे दुःख घेऊन, त्याला प्रवासाची चौकट देऊन पदमनजींनी ते मांडले. कल्पना तिथे आहे ती या जुळणीत.

आता ‘सर्जन’. त्याचा धातू ‘सृज्’, म्हणजे मोकळे करणे, सोडणे. सृष्टी त्यातूनच आली आणि विसर्जनही. निर्माण करणे आणि सोडून देणे यांना एकच धातू पुरतो, कारण लिहिलेले वाचकाच्या हाती सोपवल्याशिवाय सर्जन पुरे होत नाही.

म्हणून ‘मला काही सुचत नाही’ म्हणून थांबलेल्या नव्या लेखकाला कळकळीने सांगावेसे वाटते: सुचण्याची वाट जरूर पाहा, पण रिकाम्या हातांनी नको. पाहिलेले, ऐकलेले, सोसलेले समोर घ्या, निवडा, छाटा, क्रम लावा. आपल्या भाषेत कल्पना म्हणतात ती यालाच.