स्नायूवृद्धीसाठी व्यायामाचे सेट किती?

वजने उचलण्याचा व्यायाम करताना प्रत्येक प्रकाराचे किती सेट करावेत, हा प्रश्न व्यायामशाळेत नव्याने दाखल होणाऱ्या बहुतेकांना पडतो. ठरावीक वजन न थांबता सलग काही वेळा उचलणे म्हणजे एक सेट, तर त्यातील प्रत्येक उचल म्हणजे एक आवर्तन. ‘तीन सेट, दहा आवर्तने’ हे सूत्र सर्वपरिचित आहे. मात्र त्यामागील इतिहास व्यायामशाळेचा नसून रुग्णालयाचा आहे.

रुग्णालयातील प्रयोग

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी अमेरिकी सैनिकांवर शिकागो येथील लष्करी रुग्णालयात उपचार करणारे डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ मध्ये जड वजनांच्या व्यायामाची पद्धत प्रसिद्ध केली. प्रारंभी ते रुग्णांकडून दहा आवर्तनांचे सात ते दहा सेट करून घेत. १९४८ मध्ये त्यांनी व डॉ. आर्थर वॉटकिन्स यांनी ही संख्या तीनवर आणली. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते, त्याच्या निम्म्या वजनाने पहिला, पाऊणपट वजनाने दुसरा आणि पूर्ण वजनाने तिसरा सेट, असा हा क्रम होता.

एक की अनेक?

१९७० च्या दशकात व्यायामयंत्रांचे निर्माते आर्थर जोन्स यांनी, पूर्ण ताकदीने केलेला एकच सेट पुरेसा असल्याचा प्रचार केला. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेनेही १९९८ मध्ये सर्वसाधारण प्रौढांना आठ ते दहा व्यायामप्रकारांचा प्रत्येकी किमान एक सेट, आठवड्यातून दोन ते तीन दिवस करण्याची शिफारस केली. स्नायूंची वाढ हे उद्दिष्ट असल्यास नवशिक्यांनी एक ते तीन, तर अनुभवी व्यायामपटूंनी तीन ते सहा सेट करावेत, असे याच संस्थेने २००९ मध्ये सुचविले.

हिशेब आठवड्याचा

त्यानंतरच्या संशोधनात रोजच्या संख्येऐवजी एका स्नायूसाठी आठवडाभरात होणाऱ्या एकूण सेटना महत्त्व आले. ब्रॅड शोनफेल्ड व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. आठवड्याला पाचपेक्षा कमी सेट करणाऱ्यांच्या स्नायूंत सरासरी ५.४ टक्के, पाच ते नऊ सेट करणाऱ्यांत ६.६ टक्के, तर दहा वा अधिक सेट करणाऱ्यांत ९.८ टक्के वाढ आढळून आली. म्हणजेच सेट वाढविल्याने लाभ वाढतो. परंतु थोड्या सेटचे श्रमही वाया जात नाहीत.

शोनफेल्ड यांच्याच २०१९ मधील प्रयोगात सरावलेल्या ३४ पुरुषांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक व्यायामाचे एक, तीन किंवा पाच सेट केले. एका सत्रास अनुक्रमे सुमारे १३, ४० व ६८ मिनिटे लागली. स्नायूंचा आकार पाच सेट करणाऱ्यांत अधिक वाढला, मात्र ताकदीतील वाढ तिन्ही गटांत जवळपास सारखीच राहिली. केवळ ताकद कमवायची असेल आणि वेळ अपुरा असेल, त्यांच्यासाठी हा निष्कर्ष दिलासादायक आहे.

प्रत्यक्षात काय करावे?

नवशिक्याने आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येक मोठ्या स्नायूगटासाठी दोन ते तीन सेट करून आरंभ करावा. शरीर सरावले की काही महिन्यांत आठवड्याची बेरीज हळूहळू दहापर्यंत न्यावी. ही बेरीज एकाच दिवशी पूर्ण न करता दोन-तीन दिवसांत विभागणे सोयीचे ठरते. मोजणी करताना, बेंच प्रेससारख्या व्यायामात छातीबरोबरच खांदे व दंडाच्या मागील स्नायूंनाही श्रम पडतात, हे ध्यानात घ्यावे. हलक्या वजनाचे सरावाचे सेट या मोजणीत धरू नयेत. सेट संपताना आणखी एक ते तीन आवर्तनेच शक्य असावीत, इतके वजन निवडावे.

सवय नसताना एकाच दिवशी अतिरेक केल्यास स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. व्यायामानंतर तीव्र वेदना व सूज आल्यास किंवा लघवी गडद तपकिरी झाल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे. हृदयविकार वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी आरंभापूर्वीच सल्ला घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सर्व प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करण्याची शिफारस केली आहे. त्यामुळे पाच सेटचा संकल्प महिन्याभरात सोडून देण्यापेक्षा दोन सेटचा नेम वर्षभर पाळणे अधिक हिताचे ठरते.