होशंगाबाद ते पुणे : कृतियुक्त विज्ञानशिक्षणाच्या लोकजाळ्याची वाटचाल

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर काळात भारतातील विज्ञानशिक्षणाचा विस्तार वेगाने झाला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित हे विषय सर्वांना अनिवार्य असावेत, अशी शिफारस केली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. तथापि, ग्रामीण भागातील बहुसंख्य शाळांत विज्ञान हा ऐकून पाठ करावयाचा विषय राहिला. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञ, प्राध्यापक, शिक्षक आणि स्वयंसेवी कार्यकर्ते यांच्या ऐच्छिक जाळ्यांनी केला. अशा एका जाळ्याची होशंगाबादपासून पुण्यापर्यंतची वाटचाल पाहणे आणि त्याला लाभलेल्या यशापयशाची कारणे शोधणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचे प्रयत्न त्यापूर्वीही झाले होते. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणले. केरळ शास्त्र साहित्य परिषद १९६२ साली कोळिकोडे येथे, तर मराठी विज्ञान परिषद १९६६ साली मुंबईत स्थापन झाली. विज्ञान मातृभाषेत आणणे, ही या दोन्ही परिषदांची आरंभीची प्रेरणा होती. लेखन, व्याख्याने व नियतकालिके ही त्यांची प्रमुख साधने होती. वाचकाला आणि श्रोत्याला त्यांनी विज्ञानाच्या निकट आणले. परंतु खेड्यातील मुलाने स्वतःच्या हाताने प्रयोग करून निष्कर्ष काढावा, हा प्रश्न त्यामुळे सुटण्यासारखा नव्हता. त्यासाठी शाळेतच जावे लागणार होते.

होशंगाबादचा प्रयोग

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात (२०२२ पासून नर्मदापुरम) १९७२ साली सोळा शाळांत हा प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन स्वयंसेवी संस्थांनी त्यासाठी पुढाकार घेतला. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील कार्य सोडून ग्रामीण भागात आले होते. त्याच संस्थेतील शास्त्रज्ञांचे आणि लवकरच दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकांचे साहाय्य या कार्यास लाभले. उन्हाळी सुटीत विद्यापीठीय अध्यापक आणि खेड्यातील शिक्षक एकाच बाकावर बसून प्रयोग करीत. प्रयोग फसला, तर तो का फसला याचा शोध दोघे मिळून घेत. उच्चशिक्षण आणि प्राथमिक शिक्षण यांतील अंतर इतक्या थेटपणे ओलांडल्याची उदाहरणे आपल्या शैक्षणिक इतिहासात विरळ आहेत.

१९७८ साली शासनाच्या संमतीने हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी लागू झाला. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकांत तयार उत्तरे नव्हती. प्रयोगाच्या सूचना आणि प्रश्न होते. चार-चार मुलांच्या गटाला प्रयोगसंच मिळे. बाभळीचा काटा, दोरा, काचेची नळी, शेतातील माती, ओढ्याकाठची पाने अशा सहज मिळणाऱ्या वस्तूंना त्यात मानाचे स्थान होते. परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा असे आणि प्रत्यक्ष प्रयोगासही गुण असत. शिक्षकांच्या मासिक बैठकांत वर्गातील अडचणींची चर्चा होई. ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला मुले पत्रे लिहून शंका विचारीत आणि त्या पत्रांना उत्तरे दिली जात. १९८२ साली या कार्याच्या विस्तारासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. तिने १९८५ साली ‘चकमक’ हे मुलांचे मासिक सुरू केले. त्यामुळे शाळेतील कार्याला शाळेबाहेरची जोड मिळाली.

आगकाडीचे भूमितीशास्त्र

आयआयटी कानपूरचे पदवीधर आणि पुण्यातील टेल्को कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन होशंगाबादला गेले. तेथील आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे आणि आगकाड्या यांपासून त्यांनी त्रिमितीय आकृत्यांचा संच तयार केला. नळीच्या एका तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या खोचल्या की लवचीक सांधा तयार होतो. त्याच तुकड्याला काट्याने भोक पाडले की तिसरी काडी बसते. या काड्यांचा चौकोन दाबला असता कलतो, त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. छपराच्या कैचीत आणि पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलांना अशा रीतीने व्याख्येपूर्वीच कळते. अल्प खर्चात होणाऱ्या या रचनेचे महत्त्व केवळ स्वस्ताईत नाही. मोडले तर पुन्हा जोडता येते, म्हणून मूल चुकण्यास भीत नाही. कुलूपबंद कपाटातील महागड्या उपकरणाला हे साधत नाही.

जत्थ्यांचे जाळे

१९८० च्या दशकात विविध राज्यांतील अशा संघटना एकमेकींशी जोडल्या गेल्या. केरळमधील शास्त्र जत्थ्याच्या अनुभवावर आधारित भारत जनविज्ञान जत्था १९८७ साली देशाच्या विविध भागांतून निघून भोपाळ येथे एकत्र आला. १९८४ च्या वायुदुर्घटनेने होरपळलेल्या या शहराची निवड अर्थपूर्ण होती. विज्ञान कोणासाठी, हा प्रश्न त्यातून पुढे आला. १९८८ साली अखिल भारतीय जनविज्ञान नेटवर्क आणि १९८९ साली भारत ज्ञान विज्ञान समिती स्थापन झाली. यानंतर या संघटनांची बरीच शक्ती साक्षरता अभियानाकडे वळली. त्याचा सामाजिक लाभ मोठा असला, तरी मुलांच्या प्रयोगांकडे देण्याचे बळ काही अंशी विभागले गेले. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने ही उणीव थोडीफार भरून काढली. तीत मुले परिसरातील एखाद्या प्रश्नाचा गटाने अभ्यास करून निष्कर्ष मांडतात.

२००२ आणि त्यानंतर

तीस वर्षांत होशंगाबादचा कार्यक्रम मध्य प्रदेशातील सुमारे एक हजार शाळांपर्यंत पोहोचला होता. २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. या कार्यक्रमातील विद्यार्थी पुढील परीक्षांत मागे पडतात, तसेच राज्यातील अभ्यासक्रम एकसारखा असावा, असे आक्षेप घेण्यात आले. देशातील अनेक शास्त्रज्ञांनी व शिक्षणतज्ज्ञांनी विरोध नोंदविला. पण निर्णय बदलला नाही. यातील विसंगती लक्षणीय आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी, प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली सिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने (२००५) ज्ञान घोकंपट्टीपासून मुक्त करून शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्याचा आग्रह धरला.

शाळेत बंद झालेला प्रवाह पुण्यात वेगळ्या रूपाने वाहत राहिला. डॉ. जयंत नारळीकर यांनी घडविलेल्या ‘आयुका’ या संस्थेत पु. ल. देशपांडे यांच्या नावे असलेल्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. २००३ ते २०१४ या काळात अरविंद गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे टाकाऊ वस्तूंपासून शेकडो वैज्ञानिक खेळणी तयार केली. त्यांची कृती दाखविणारी छायाचित्रे, चित्रफिती व पुस्तके मराठीसह अनेक भाषांत सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली.

निष्कर्ष

उपरोक्त इतिहासावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. शासकीय शाळेत शिरलेला कार्यक्रम प्रत्येक मुलापर्यंत, अगदी शेवटच्या बाकावरील मुलीपर्यंत पोहोचतो. परंतु तो शासनाच्या एका आदेशाने संपू शकतो. शाळेबाहेरील उपक्रमाला असा आदेश लागू होत नाही. मात्र त्याच्या दारापर्यंत ज्यांना येता येते, त्यांनाच त्याचा लाभ होतो. पुण्यातील शोधिका टिकली म्हणून होशंगाबादच्या खेड्यांतील हानी भरून निघाली, असे म्हणता येत नाही.

यातून महाविद्यालयीन अध्यापकांसाठी एक सूचन मिळते. १९७० च्या दशकात विद्यापीठीय प्राध्यापक सुटीत खेड्यात गेले, म्हणून तो कार्यक्रम उभा राहू शकला. आज प्रयोगांच्या कृती हाताशी आहेत आणि साहित्य रद्दीतही मिळते. उणीव आहे ती महाविद्यालय आणि नजीकची शाळा यांना सातत्याने जोडणाऱ्या माणसांची. ती भरून निघेपर्यंत अनौपचारिक विज्ञानशिक्षण हे प्रामुख्याने शहरी मुलांच्या वाट्याचे राहील.