कयाकप्रवास, रत्नागिरीच्या खाड्यांतील

कयाक म्हणजे उत्तर ध्रुवप्रदेशातील इन्युइट लोकांनी लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून शिकारीसाठी घडविलेली, दोन्ही टोकांना निमुळती, बहुधा एका माणसापुरती होडी. आज ती प्लास्टिकची किंवा काचतंतूंची मिळते आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या एकाच वल्ह्याने चालते. कॅनडासारख्या सरोवरांच्या देशात, एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात होडी खांद्यावर वाहून नेत आठवडेच्या आठवडे अरण्यात हिंडण्याची जी रीत आहे, तिचे नियम रत्नागिरी जिल्ह्यास जसेच्या तसे लागू पडत नाहीत. कारण येथे नाव घेण्याजोगे नैसर्गिक सरोवर नाही, आणि सह्याद्रीचा माथा व समुद्र यांच्यात सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटरांचेच अंतर असल्याने नद्या उतावळ्या आहेत. पावसाळ्यात त्या लालभडक पुराने दुथडी वाहतात, आणि दिवाळी उलटली की वरच्या अंगाला खडकाळ पात्रातील डोहांची एक माळ तेवढी उरते. वल्हवणाऱ्याला बारमाही पाणी मिळते ते समुद्र जेथवर आत शिरतो तेथवर, म्हणजे खाडीत. म्हणून या जिल्ह्यातील प्रवासाची आखणी नकाशापासून सुरू न होता पंचांगापासून सुरू होते.

भरती-ओहोटीचे एक आवर्तन सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असून भरतीची वेळ दररोज पाऊण-पाऊण तासाने, किंबहुना काहीशी अधिकच, पुढे सरकते. यावरूनच कोकणात एक सुटसुटीत हिशेब रूढ झाला: तिथीचा अंक घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, अमावास्या-पौर्णिमेस सव्वाअकरा. हा आकडा बंदरागणिक अर्धा-पाऊण तास, क्वचित त्याहूनही अधिक, मागेपुढे होतो आणि खाडीच्या आतल्या गावांना भरती मुखापेक्षा उशिरा पोचते. म्हणून भारतीय सर्वेक्षण खात्याच्या भरतीकोष्टकाशी त्याचा ताळा पाहणे अगत्याचे आहे. तथापि ज्याला हा हिशेब बोटांवर येत नाही त्याने छापील कोष्टकावरच विसंबून खाडीत उतरू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. कारण पावसाने भिजलेला कागद आणि संपलेल्या बॅटरीचा फोन यांच्या पलीकडे जी शिदोरी शिल्लक राहते ती तिथीचीच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे ते उधाण, अष्टमीच्या आसपासचा तो भांग. उधाणाला पाणी खाजणांच्या बांधांना भिडते आणि ओहोटीला तितकेच खोल उतरते, व मुखाजवळच्या अरुंद जागी त्याचा ओढा चांगल्या वल्हवणाऱ्यालाही जागच्या जागी खिळवून ठेवतो. भांगाला पाणी सौम्य असते, पण त्याचे साह्यही तितकेच अल्प.

दुसरा विचार वाऱ्याचा. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहते. दुपारपासून खारा वारा समुद्रावरून आत शिरतो. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असता खारा वारा त्याच्या तोंडावर आला, तर मुखावरच्या वाळूच्या दांड्याशी आखूड, उभ्या लाटा उठतात, आणि लहान होड्या उलटण्याचा खरा धोका तेथेच असतो. उलटपक्षी भरती आणि खारा वारा हे दोन्ही पाठीशी आल्यास होडी जणू आपसूक पूर्वेकडे चालते. पंचमीचे उदाहरण घेऊ. पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार. तेव्हा सुकती साडेनऊच्या सुमारास तळ गाठणार. त्या वेळी शास्त्री नदीच्या मुखाशी, जयगडास, होडी पाण्यात घालावी. तासाभरात भरती लागते, मध्यान्हानंतर वारा येऊन मिळतो, आणि भरतीचे पाणीही वरच्या अंगास उशिराच पोचत असल्यामुळे तिच्याबरोबर जाणाऱ्याला सहा तासांहून थोडा अधिक काळ अनुकूल पाणी मिळते. एका भरतीत संगमेश्वर गाठता येईलच असे नाही. म्हणून आतला फुणगूस हा मुक्कामाचा टप्पा धरून दुसऱ्या दिवशी शास्त्री व सोनवी यांच्या संगमाकडे जाण्याची तजवीज ठेवावी.

पाणी केव्हा फिरले हे घड्याळापेक्षा नांगरलेली होडी अचूक सांगते. भरतीत तिची नाळ समुद्राकडे असते. मग काही मिनिटे ती कशीही, आडवीतिडवी पडून राहते, दोर सैल होतो, पाण्यावरचा पाचोळा जागीच गिरक्या घेऊ लागतो. आणि मग ती संथपणे वळून नाळ डोंगराकडे करते. सुकती लागली. यानंतर अर्ध्या तासात उतरण्याची जागा गाठली नाही, तर किनारा आणि होडी यांच्यामध्ये चिखलाचा पट्टा उघडा पडतो, ज्यात माणूस गुडघ्यापर्यंत रुततो व खालच्या कालवांच्या कडा पाऊल कापतात. म्हणून मुक्कामाच्या जागा निवडताना जुने तर आणि बंदराचे धक्के यांनाच पसंती द्यावी. पिढ्यान्‌पिढ्या माणसे जेथे उतरत आली तेथे पायाखाली दगड लागतो.

वाशिष्ठीची गोष्ट निराळी आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळवून १९६२ च्या सुमारास वीजनिर्मिती सुरू झाल्यापासून ते पाणी या नदीस मिळते. परिणामी ती उन्हाळ्यातही वाहती राहते, परंतु चिपळुणाच्या वरच्या अंगास तिची पातळी विजेच्या मागणीप्रमाणे चढते-उतरते, आणि तेथे तिथीचा हिशेब चालत नाही. चिपळुणाखाली गोवळकोटपासून दाभोळपर्यंतचा पट्टा जिल्ह्यातील सर्वांत रम्य म्हणावा लागेल; तिवर आणि चिपी यांच्या राया, खंड्या, ब्राह्मणी घारी. याच पट्ट्यात मगरींची वस्ती आहे. थंडीच्या दिवसांत त्या दुपारी काठावर ऊन खात पडतात, आणि कयाकेत बसलेला मनुष्य पाण्याच्या पातळीलगतच असल्यामुळे अंतर राखण्याची जबाबदारी सर्वस्वी त्याचीच आहे. पाण्यात पाय सोडून बसणे, चिखलाच्या काठावर तंबू ठोकणे, मासे धुणे, ही तिन्ही कृत्ये वर्ज्य समजावीत.

हंगाम आश्विनाच्या अखेरीपासून फाल्गुनापर्यंतचा. नारळी पौर्णिमेला दर्या मोकळा झाल्याचे मानतात, पण खाडीतील पुराचे पाणी निवळण्यास पुढे बराच अवधी लागतो. जीवरक्षक जाकीट, शिट्टी, सुटे वल्हे आणि माणशी दिवसाला किमान चार लिटर गोडे पाणी ही बेगमी प्रत्येकाजवळ हवीच. खाडी चहूकडे पाण्याने भरलेली असूनही तीत पिण्याजोगा थेंब नाही. खुंट रोवून लावलेल्या जाळ्यांना बाजूने वळसा घालावा. ती कोणाच्या तरी दिवसाच्या मिळकतीची असतात, आणि भरतीत त्यांचे दोर पाण्याखाली गडप झालेले असतात. किनाऱ्यावरील पोलीस ठाण्यास व बंदर निरीक्षकास निघण्याची व परतण्याची लेखी इत्तला द्यावी. जयगडच्या मुखाशी अवजड मालवाहू जहाजांची ये-जा असल्याने तेथे ती विशेषच आवश्यक आहे.

नवशिक्याने काजळी नदीच्या भाट्ये खाडीत, पुलाच्या आतल्या अंगास, हात बसवावा. टेकडीवर १९१० च्या सुमारास बांधलेला थिबा राजाचा वाडा तेथून दिसतो. पूर्णगडची मुचकुंदी शांत आहे आणि तिच्यावर फारसे कोणी जात नाही. दक्षिणेस जैतापूरहून राजापुराकडे जाणाऱ्या खाडीत मात्र प्रवास जपून आखावा लागतो. ज्या राजापुरास सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती आणि समुद्रावरचा माल पाण्यावाटे येत असे, तेथे डोंगरांवरून उतरलेल्या गाळाने पात्र इतके उथळ झाले आहे की वरच्या टप्प्यात, उधाणाच्या भरतीचा तास चुकला, तर कयाकही हातांनी ओढत न्यावी लागते.